अँगस: स्कॉटलंडमधला न थांबता ओलांडला जाणारा जिल्हा

सांडशी (धागाकर्ती)

स्कॉटलंडला येणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो: एडिंबरा, ग्लेन्को, लॉख नेसमधला कधीच न दिसणारा राक्षस आणि रजा उरली तर स्काय. ॲबर्डीनला तेलकंपन्यांत नोकरी करणारी मंडळी तर अख्खा अँगस जिल्हा आगगाडीत डुलक्या काढत पार करतात. मी डंडीत राहते. डंडी पूर्वी याच जिल्ह्यात मोडायचं, आता त्याचा कारभार वेगळा आहे. सुट्टीच्या दिवशी पाऊस नसला की मी गाडी काढते आणि बहुतेक वेळा अँगसमध्येच रेंगाळते. इथे शोधलं तर या जिल्ह्यावर एक ओळ सापडली नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडा भूगोल. १९२८ पर्यंत सरकारदरबारी याचं नाव फॉरफारशर होतं. क्षेत्रफळ साधारण २,१८० चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा लाखाच्या आत. आर्ब्रोथ, फॉरफार, मॉन्ट्रोझ, ब्रीखिन, किरीम्यूर, कार्नूस्टी ही सगळी गावं एकत्र केली तरी एक बऱ्यापैकी शहर होईल की नाही शंका आहे. जिल्ह्याचे तीन पट्टे पडतात. वायव्येला ग्रॅम्पियन डोंगर आणि त्यांत आत आत शिरलेल्या लांब दऱ्या, म्हणजे ग्लेन: आयला, प्रोझन, क्लोव्हा, एस्क. मध्ये स्ट्रॅथमोरचं सपाट, सुपीक खोरं. पूर्वेला उत्तर समुद्र, कुठे उभे कडे तर कुठे लांबच लांब वाळू.

डोंगर आणि खोरं यांच्या मधोमध हायलँड बाउंडरी फॉल्ट नावाचा मोठा भ्रंश जातो. एड्झल गावाजवळ नॉर्थ एस्क नदीच्या काठाने चाललं की तो पायाखालीच येतो. गॅनखी पुलापाशी भिंतीत एक निळं दार आहे. ते ढकलून आत जायचं, मग घळईची पायवाट लागते आणि थोड्या अंतरात खडकाची जात बदललेली स्वच्छ दिसते. वरच्या बाजूला कठीण रूपांतरित खडक, खालच्या बाजूला सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा तांबडा वालुकाश्म. आधुनिक भूशास्त्राचा पाया घालणारा चार्ल्स लायल १७९७ साली जन्मला तो किरीम्यूरजवळच्या किनॉर्डीला. अशा मुलखात जन्मल्यावर माणसाचं लक्ष दगडांकडे जाणारच.

हा तांबडा दगड एकदा डोळ्यांत बसला की सगळीकडे तोच दिसतो. घरं त्याची, शेतांचे बांध त्याचे, चर्च त्याची, समुद्राकाठचे कडे त्याचे. कार्मायलीच्या खाणींतल्या फरश्या एकेकाळी जहाजांनी परदेशी जायच्या. पण या दगडावरचं सगळ्यात मोठं काम केलं ते पिक्ट लोकांनी, म्हणजे इथल्या प्राचीन रहिवाशांनी, आणि ते बघायला ॲबरलेम्नोला जावं लागतं.

ॲबरलेम्नो म्हणजे फॉरफार-ब्रीखिन रस्त्यावरचं चार घरांचं गाव. रस्त्याच्या कडेलाच पिक्टिश शिळा उभ्या आहेत. तिकीट नाही, रखवालदार नाही. एक ओबडधोबड शिळा, तिच्यावर वळसे घेत वर चढणारा साप, त्याखाली दोन जोडचक्रं आणि त्यांना छेदून गेलेली मोडकी काठी, सगळ्यात खाली आरसा आणि फणी. तीच चिन्हं तुम्हाला पुढे शेटलंडपर्यंत दिसतात, आणि त्यांचा अर्थ आजतागायत कुणाला खात्रीने लावता आलेला नाही. शेजारची शिळा घडीव आहे, जवळपास तीन मीटर उंच. एका अंगाला क्रूस आणि हातात ग्रंथ घेतलेले देवदूत, दुसऱ्या अंगाला शिकारीचा देखावा.

खरी चीज मात्र खाली चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मध्ये आहे. पुढच्या बाजूला क्रूस, मागे लढाई. वरच्या रांगेत एक घोडेस्वार पळतोय, त्याची ढाल-तलवार खाली पडलीय. मधल्या रांगेत पायदळ: पहिला तलवार-ढाल घेऊन, दुसऱ्याने त्याच्या आडून लांब भाला पुढे काढलेला, तिसरा राखीव. समोरून नाकावर पट्टी असलेलं शिरस्त्राण घातलेला स्वार चालून येतोय. खाली उजव्या कोपऱ्यात तसंच शिरस्त्राण घातलेला एक जण आडवा पडलाय आणि एक पक्षी त्याच्या तोंडाला टोचतोय. बोट न लावता नाकावरची पट्टी दिसते, इतकं ते शाबूत आहे. वरच्या भागात नंतर कुणीतरी आरपार भोक पाडून ठेवलंय, कशासाठी देव जाणे.

एक महत्त्वाचं. ऑक्टोबर ते मार्च या शिळांवर लाकडी पेट्या घालतात. वालुकाश्मात पाणी मुरतं, थंडीत त्याचा बर्फ होऊन फुगतो आणि पापुद्रे सुटतात, म्हणून ही काळजी. हिवाळ्यात गेलात तर पेट्या बघून परत याल.

आता आर्ब्रोथ. ११७८ साली विल्यम द लायन या राजाने इथे मठ बांधायला घेतला, कँटरबरीच्या टॉमस बेकेट या आर्चबिशपच्या नावाने. बेकेटला मारून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. आज उभी आहे ती पडझड, तीही पुष्कळ, कारण मठ बंद पडल्यावर गावकऱ्यांनी दगड घरांना वापरले. दक्षिणेच्या भिंतीत उंचावर एक मोठी गोल खिडकी आहे. पूर्वी तिच्यात दिवा लावत, खलाशांना खूण म्हणून. याच मठातून ६ एप्रिल १३२० या तारखेचं ते पत्र पोप जॉन बाविसाव्याला गेलं. स्कॉट सरदारांनी पोपला कळवलं की आमच्यातले शंभर जण जिवंत असेपर्यंत आम्ही इंग्रजांची सत्ता मानणार नाही. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त आवडतं: आमचा राजा रॉबर्टच उद्या इंग्रजांपुढे झुकला, तर त्याला काढून आम्ही दुसरा राजा करू. चौदाव्या शतकात राजाच्या बाजूने लिहिलेल्या पत्रात हे लिहायला छाती लागते.

पुढे १९५० च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून स्कॉटलंडच्या राजांचा अभिषेकाचा दगड पळवला, आणि काही महिन्यांनी, एप्रिल १९५१ मध्ये, तो आणून ठेवला तो याच पडक्या मठाच्या वेदीच्या जागी. पोलिसांनी तो परत नेला. १९९६ मध्ये तो अधिकृतपणे स्कॉटलंडला आला आणि आता पर्थच्या संग्रहालयात आहे.

ग्लाम्सच्या किल्ल्याबद्दल मुद्दाम लिहीत नाही. राणी एलिझाबेथच्या आईचं माहेर, राजकन्या मार्गारेटचा जन्म तिथला, १९३० चा. बसेस भरभरून लोक तिथे जातात, त्यांना माझी गरज नाही.

जाऊन आलेलं कुणी आहे का इथे? जाणार असाल तर विचारा.

उपटसुंभ

लेख चांगला आहे, पण शेतातले दगड बघायला एवढं लांब जायचं? आमच्या गावाबाहेर मारुतीच्या देवळामागे वीरगळ पडलेत. तेच: खाली लढाई, मधे अप्सरा, वर शंकराची पिंड. पोरं त्यावर बसून मोबाईल खेळतात.

खडूस मास्तर

उपटसुंभ, तुलना बरी सुचली, पण एक फरक आहे. वीरगळ आपल्याला वाचता येतो. कोण मेला, कशासाठी मेला, कुठे गेला, हा क्रम ठरलेला आहे, आणि काहींवर लेखही असतो. पिक्ट लोकांच्या राजांच्या याद्या उरल्यात, पण त्यांनी स्वतःविषयी सांगितलेलं फारसं काही नाही. शेजारच्यांनी, म्हणजे आयरिश आणि इंग्रज भिक्षूंनी जे लिहून ठेवलं त्यावरच काम भागवावं लागतं. त्यामुळे आरसा-फणी म्हणजे बाईची खूण, की घराण्याचं नाव, की आणखी काही, यावर शंभर वर्षं वाद चाललाय.

सांडशी, त्या लढाईच्या शिळेबद्दल तुम्ही हात राखून लिहिलंत हे आवडलं. तिथल्या माहितीपत्रकांत सर्रास ६८५ सालच्या नेख्तन्समेरच्या लढाईचं चित्र म्हणून देतात. लढाई झाली यात शंका नाही. २० मे ६८५ रोजी पिक्ट राजा ब्रुडे याने उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रियाचा राजा एकफ्रिथ याला मारलं आणि उत्तरेकडचा इंग्रजांचा विस्तार तिथे थांबला. पण रणभूमी ॲबरलेम्नोपासून जवळच्या डनिखनला होती हे जुनं मत. २००६ मध्ये इतिहासकार ॲलेक्स वुल्फ यांनी ती डोंगरांपलीकडे बेडनखमधल्या डनाखटनला असावी असा मुद्दा मांडला, आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. शिळाही लढाईनंतर बऱ्याच काळाने कोरलेली असावी असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

पिक्टांची गोडी लागली असेल तर आर्ब्रोथला लागूनच सेंट व्हिजियन्सचं छोटं संग्रहालय आहे. गावातल्या चर्चमध्ये सापडलेल्या शिळा दोन झोपड्यांत मांडल्यात. त्यातल्या एका शिळेवर चक्क अक्षरं आहेत आणि ड्रोस्टन हे नाव वाचता येतं. जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

सांडशी

मास्तर, डनाखटनचा वाद माहीत होता, पण डनिखनच्या लोकांसमोर तो काढायची माझी छाती नाही. :)

उपटसुंभ, वीरगळांचं काय करता मग? निदान फोटो तरी टाका.

शेवंता

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी भावाकडे एडिंबराला जाणार आहोत, दोन मुलं (९ आणि १२) आणि सासूबाई बरोबर. गाडी चालवणारं कुणी नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी, लसूणसुद्धा चालत नाही. असं असताना अँगस जमेल का? आणि मुलांना दगडांत किती रस वाटेल याची मला शंकाच आहे.

सांडशी

शेवंता, किनारा सहज जमेल. एडिंबरा-ॲबर्डीन आगगाडी कार्नूस्टी, आर्ब्रोथ, मॉन्ट्रोझ करत जाते (कार्नूस्टीला मात्र सगळ्या थांबत नाहीत). आर्ब्रोथला उतरलात की मठ चालत, बंदर चालत. तिथून सीटन क्लिफ्सच्या वाटेने ऑखमिथीपर्यंत जाता येतं, पण सासूबाईंना घेऊन अर्ध्यातून परत फिरा. तांबड्या कड्यांत समुद्राने कोरलेल्या कमानी, गुहा, उभे सुळके आहेत. मुलांना तेवढं पुरे. फक्त कडेला कठडा नाही, धाकट्याचा हात सोडू नका.

किरीम्यूरला डंडीहून बस आहे. पीटर पॅनचा जनक जे. एम. बॅरी १८६० साली तिथे एका विणकराच्या घरी जन्मला. घर बघता येतं, आणि अंगणातलं ते धुणीघर, जिथे तो लहानपणी नाटकं करायचा, तेही. लंडनमध्ये एवढं नाव झालं, पण पुरलाय तो किरीम्यूरच्याच टेकडीवर, घरच्यांशेजारी. त्याच टेकडीवर १९३० साली त्याने गावाला दिलेला क्रिकेटचा मंडप आहे आणि वर कॅमेरा ऑब्स्क्युरा: अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या मेजावर अख्खं खोरं हलताना दिसतं. मुलं तिथून निघत नाहीत. उघडण्याचे दिवस ठरलेले असतात, चौकशी करून जा. रविवारी बसच्या भरवशावर अजिबात राहू नका, मी हिवाळ्यात एकदा फॉरफारच्या थांब्यावर गारठून गेले आहे.

लसूण नको हे इथे सोपं आहे, स्कॉट लोकांचा जुना स्वयंपाक लसणाशिवायच चालतो. जून-जुलैत आलात तर स्ट्रॅथमोर म्हणजे स्ट्रॉबेरी आणि रासबेरीचा प्रदेश. रस्त्याकडेला शेतांचे ठेले असतात. काही ठिकाणी नुसती पेटी, पैसे टाका आणि बटाटे घ्या. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीला लोक अजून बटाट्याची सुट्टी म्हणतात, कारण पूर्वी पोरं बटाटे काढायला जायची.

दर्यावर्दी

शाकाहारींनी पुढचं वाचू नये.

आर्ब्रोथला जाऊन स्मोकी न खाता येणं हा गुन्हा आहे. हॅडॉक मासा. डोकं आणि पोट काढायचं, मिठात ठेवायचा, मग दोन-दोनची जोडी शेपटीला सुतळीने बांधून आडव्या काठीवर टांगायची. जमिनीत पुरलेलं अर्धं पिंप, खाली बीच किंवा ओकची लाकडं पेटलेली, वर ओलं गोणपाट झाकायचं. गोणपाट ओलं असल्याने आग भडकत नाही आणि आत धूर-वाफ दोन्ही कोंडतात. तासाभराच्या आत तयार. वरची कातडी तांब्यासारखी होते, आतलं मांस पांढरं, हाताने ओढलं की पाकळ्या सुटतात. दुकानातून पाकीट बंद घेऊ नका, पिंपातून काढलेला तिथेच उभ्याने कागदावर खा. मी मालवणचा माणूस, सहसा परमुलखातल्या मासळीचं कौतुक करत नाही.

स्मोकीचं मूळ गाव ऑखमिथी, तिथून कोळी आर्ब्रोथला आले. ऑखमिथीला तेव्हा धक्का नव्हता. बायका नवऱ्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत नेत, म्हणजे पुरुषांचे पाय दिवसभर कोरडे राहावेत. बायकांच्या पायांचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. २००४ पासून युरोपात नावाला संरक्षण आहे: आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत बनवलेलाच स्मोकी.

आणि बेल रॉकचं कसं कुणी लिहिलं नाही? या किनाऱ्यापासून अठरा किलोमीटर आत एक खडक आहे, भरतीला पूर्ण पाण्याखाली. किती जहाजं फुटली असतील त्यावर. रॉबर्ट स्टीव्हन्सनने १८०७ ते १८१० मध्ये तिथे दीपस्तंभ बांधला. ओहोटीचे दोन-चार तास मिळायचे, तेवढ्यात पाया खणायचा आणि भरती यायच्या आत पळायचं. दगड आर्ब्रोथच्या अंगणात घडवून, एकमेकांत खाचा करून, क्रमांक घालून न्यायचे. १ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला. समुद्रातला, लाटांचा मारा थेट झेलणारा, आजही उभा असलेला इतका जुना दीपस्तंभ जगात दुसरा नाही. आम्ही ॲबर्डीनकडे जाताना रात्री तो दिसला की जहाजाच्या ब्रिजवर कुणीतरी स्टीव्हन्सनचं नाव काढायचंच.

किनाऱ्यावर सिग्नल टॉवर आहे, तिथे आता संग्रहालय. दीपस्तंभावरच्या माणसांची बायकामुलं तिथे राहायची. म्हणतात की कुणाला मूल झालं तर काठीवर मुलगा असल्यास चड्डी आणि मुलगी असल्यास परकर चढवायचे, बाप दुर्बिणीतून बघायचा.

फुटबॉलवेडा

आर्ब्रोथ म्हटलं की आमच्यासाठी एकच गोष्ट. १२ सप्टेंबर १८८५, आर्ब्रोथ ३६, बॉन ॲकॉर्ड ०. आणि त्याच दिवशी डंडी हार्पने ॲबर्डीन रोव्हर्सला ३५-० ने हरवलं, म्हणजे विक्रम करूनही एका गोलने दुसरे! आर्ब्रोथच्या गोलरक्षकाला चेंडूच लागला नाही, तो म्हणे प्रेक्षकाची छत्री घेऊन उभा होता. मैदान समुद्राला इतकं चिकटून आहे की वादळात लाटांचे तुषार आत येतात.

कोकणकडा

मला या जिल्ह्यातलं फक्त ग्लेन डोल माहीत आहे, कारण तिथून कॉरी फी गाठता येतं. वाहनतळापासून पाइनच्या रानातून तासभर चाल. रान संपतं तिथे एकदम हिमनदीने कोरलेला अर्धगोल कडा समोर येतो, मधून धबधबा. वूली विलोसारख्या थंड प्रदेशातल्या दुर्मिळ झाडाझुडपांसाठी राखीव आहे. ज्यांना उंचीच हवी त्यांनी ग्लास मोल करावं, १,०६८ मीटर, जिल्ह्यातलं सर्वोच्च.

ग्लेन डोलहूनच ब्रेमारला जाणारी जॉक्स रोड नावाची जुनी गुराखी वाट सुटते. या वाटेची कोर्टकचेरी वाचण्यासारखी आहे. १८८० च्या दशकात इस्टेटीच्या नव्या मालकाने वाट बंद केली, रस्त्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने दावा लावला. मेंढपाळ आणि गुरांचे व्यापारी साक्षीला आले की आमच्या बापजाद्यांपासून इथून कळप नेतोय. अस्सल वहिवाटीचा खटला! प्रकरण लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८८८ मध्ये वाट जिंकली. खर्चापायी मालक बुडाला आणि संस्थाही बुडता बुडता वाचली. आज स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कुणाच्याही डोंगरावरून नीट वागून चालता येतं, त्यामागे असे खटले आहेत. आपल्याकडे किल्ल्याच्या वाटेवर बंगलेवाल्याने कुंपण घातलं की आपण व्हॉट्सॲपवर चिडतो आणि दुसरी वाट शोधतो.

पण वाट हलक्याने घेऊ नका. १ जानेवारी १९५९ ला ब्रेमारहून निघालेले पाच जण वादळात तिथे दगावले.

एक तक्रार. ऑगस्टमध्ये जांभळा हिदर फुललेला डोंगर फोटोत सुंदर दिसतो, पण ते रान नव्हे. ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी पट्ट्यापट्ट्याने हिदर जाळून ठेवलेली ती शेतीच आहे. झाड उगवू देत नाहीत.

उपटसुंभ

कोकणकड्याने विषय काढलाच आहे तर विचारतो. एवढे किल्ले, इस्टेटी, बागा यांना पैसा कुठून आला? मी फोटो बघत होतो तर एड्झल गावाच्या तोंडाशी कमान आहे, डलहौसी आर्च. हा तोच का, सातारा खालसा करणारा?

खडूस मास्तर

तो नव्हे, पण भाऊबंद. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये आणि नागपूरचं १८५४ मध्ये गिळणारा गव्हर्नर-जनरल डलहौसी एडिंबराजवळचा. तो १८६० साली वारला, मुलगा नव्हता. गंमत बघा, दत्तकाचा हक्क नाकारून दुसऱ्यांची गादी बुडवणाऱ्याची स्वतःची सरदारकी चुलत घराण्यात गेली, आणि ते घराणं अँगसचं: पॅनम्यूरचे मॉल, ब्रीखिनच्या किल्ल्यात राहणारे. एड्झलची कमान पुढच्या पिढीतल्या एका अर्लची आणि त्याच्या पत्नीची. ग्लेन एस्कमध्ये या घराण्याने बांधलेली दगडी मुकुटासारखी विहीर आहे, १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणी तिथे पाणी प्यायली त्याची आठवण.

पैशाचं म्हणाल तर अठराव्या शतकात अँगसच्या गावागावात लिनन विणायचे. त्यातलं ऑस्नाबर्ग नावाचं जाडंभरडं कापड कॅरिबियन आणि अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांच्या अंगावर जायचं. मग बंगालचा ताग आला, डंडी आणि आसपासची गावं तागावर जगली. पुढे कलकत्त्यातच गिरण्या निघाल्या, त्यांचे मुकादम-मॅनेजर डंडीकडचेच. दर्यावर्दींच्या पिंपावरच्या त्या गोणपाटामागे एवढं सगळं आहे.

आणि मॉन्ट्रोझ हे गाव तर कंपनीच्या नोकरांची खाणच. अलेक्झांडर बर्न्स तिथला, १८२१ मध्ये पोरवयात मुंबईच्या फौजेत आला, बुखाऱ्यापर्यंत गेला, १८४१ मध्ये काबूलला जमावाने मारला. भाऊ जेम्स भुजला सर्जन, नंतर मुंबईत हिंदी लोकांना घेणारं फ्रीमेसन लॉज काढणारा. मॉन्ट्रोझच्या हाय स्ट्रीटवर जोसेफ ह्यूमचा पुतळा आहे. तोही कंपनीचा सर्जन, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी बुंदेलखंडातल्या फौजेबरोबर होता. भरपूर पैसा करून परतला आणि मग पार्लमेंटात सरकारी उधळपट्टीविरुद्ध आयुष्यभर भांडला. त्याचा मुलगा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, काँग्रेसवाला.

फुटबॉलवेडा

म्हणजे १८८५ मध्ये सप्टेंबरात आर्ब्रोथचे ३६ गोल आणि डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. अँगसचं वर्षच होतं ते.

उपटसुंभ

मास्तर, हे सांगायला हवं होतं पहिल्याच प्रतिसादात. आता दगड बघायला तयार आहे.

सांडशी

कोकणकडा, हिदरबद्दल पटतं. पण ग्राउसच्या शिकारीवर ग्लेनमधली काही घरं चालतात हेही खरं. मालकाकडे बोट दाखवणं सोपं, तिथला राखणदार मात्र भाड्याच्या घरात राहतो आणि नोकरीबरोबर घरही जातं.

आणि हा जिल्हा म्हणजे नुसतं संग्रहालय नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाबेट वादळात साउथ एस्क नदी ब्रीखिनच्या संरक्षक भिंतीवरून आत आली, शेकडो घरं रिकामी करावी लागली. नदीकाठच्या रस्त्यावरचे लोक पुष्कळ दिवस परतू शकले नाहीत, काही कधीच. भिंत जुनी नव्हती, अलीकडेच बांधली होती. मॉन्ट्रोझला समुद्र वाळूच्या टेकड्या खातोय, त्याबरोबर जगातल्या जुन्या गोल्फ मैदानांपैकी एक. ब्रीखिनला गेलात तर कॅथेड्रलला चिकटलेला गोल मनोरा बघा, साधारण अकराव्या शतकातला. असे आयर्लंडी धाटणीचे मनोरे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर दोनच उरलेत, दुसरा ॲबरनेथीला. दार जमिनीपासून उंचावर आहे आणि चौकटीवर क्रूसावरचा येशू आणि दोन प्राणी कोरलेत.

शेवंता

सगळं वाचलं, मुलालाही वाचून दाखवलं. त्याला चड्डी आणि परकर फार आवडलं. आता एकच सांगा, कोणता महिना? जून-जुलै म्हणजे भाऊ म्हणतो तिकिटं महाग. शाळेमुळे गणपतीनंतरच सुटका होते आमची.

सांडशी

मग सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा धरा. ॲबरलेम्नोच्या पेट्या तोवर चढलेल्या नसतात आणि मॉन्ट्रोझच्या खाडीत आइसलँड-ग्रीनलंडहून गुलाबी पायांचे हंस उतरायला लागलेले असतात. हजारोंनी येतात. पहाटे नाहीतर संध्याकाळी ओहोटी-भरतीची वेळ बघून खाडीकाठी उभे राहा, आवाजाने मुलं दबकतील. रासबेरी मिळणार नाहीत आणि हिदर ओसरलेला असेल, तेवढं सोडा. ॲबरलेम्नोला फॉरफारहून टॅक्सी करा, परतीची वेळ आधीच ठरवून घ्या, तिथे फोनला रेंज मिळेलच असं नाही. आणि मी तेव्हा इथेच असले तर गाडी माझी, सासूबाईंना पुढची सीट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दर्यावर्दी

आणि मुलांना स्मोकी द्या. सासूबाईंना मागच्या बाकावर समुद्र बघत बसवा.